काटा शून्यावर

तापकीर गल्ली, दुसरा मजला, जिन्याच्या वळणाशी
माझं टेबल. दिवा नाकापर्यंत खाली ओढलेला.
बँडवाले वाघचौरे ॲम्प्लिफायर ठेवतात
आणि आधी जरा पुसून द्यावा म्हणून
खिशातून रुमाल काढतात.
"थांबा!" मी ओरडतेच.
रुमालाला घड्या असतात, घडीत रस्ता असतो,
आणि मिरवणुकीतला गुलाल
दिसायला पीठ, वागायला वाळू.

"काच धुरकटलीय ताई. काटा दिसत नाही."
काच नव्हे हो.
काच असती तर एवढी जपली नसती.
हे प्लास्टिक. ह्याला सगळं लक्षात राहतं:
कुणी नखानं स्टिकर खरवडलं,
कुणी कागदाच्या बोळ्यानं चकाकी आणू गेलं,
कुणी थिनर लावलं.
ते थिनर मी लावलं होतं, शिकाऊ असताना,
दुसऱ्याच एका मीटरला.
मिनिटाभरात आतून पांढरं जाळं पसरलं,
मोतीबिंदू उतरावा तसं.
मास्तर काही बोलले नाहीत.
महिनाभर तो मीटर माझ्या डब्याशेजारी ठेवला, बस.

म्हणून आधी नुसती हवा. रबरी फुग्यानं.
मग चित्रकलेचा मऊ ब्रश, टेकवल्या न टेकवल्यासारखा.
मग उकळून गार केलेलं पाणी, रिठ्याचे दोन थेंब,
आणि माझ्या जुन्या मलमलच्या ओढणीचा तुकडा.
काठ कापून टाकलेला;
काठात शिवण, शिवणीत गाठ, आणि गाठ ओरखडते.
वरून खाली. वरून खाली.
गोल फिरवायचं नाही. एखादा कण राहिलाच असेल
तर तो रांगोळी काढेल.

वाघचौरे भिंतीवरची पाटी वाचतात.
"शिकलगार. म्हणजे धारवाले ना तुम्ही?"
होय. आजोबा रविवार पेठेत कात्र्या लावायचे,
ठिणग्या पार पायजम्यावर.
कमी केल्याशिवाय चमकत नाही, म्हणायचे.
इथंही तेच. फक्त कमी करायचं ते
केसाच्या कितव्या तरी भागाइतकं,
आणि केलंय हे कुणाला कळता कामा नये.

तिळाएवढं पॉलिश. बोटाचा दाब, पापणीवर काजळ घालताना असतो तेवढा.
धुकं विरतं. आकडे एकेक करून वर येतात.
लाल पट्टीवर एक ओरखडा तेवढा उरतो, खोल.
तो घालवायचा तर भोवतालचं सगळं उतरवावं लागेल,
मग आकडे पाण्याखाली असल्यासारखे हलतील.
"राहू द्या," वाघचौरे म्हणतात,
"तो टिपरूचा आहे. लक्ष्मी रोडवर पथकाशी भांडण झालं होतं."

शेवटी कोरडं फडकं, अगदी हलकं,
आणि काटा उठतो.
शून्यावरून सरळ मध्यावर. तिथंच थांबतो.
वाघचौऱ्यांच्या हातात प्लग, वायर लोंबतेय,
तोंड उघडं.
"बंद आहे ना हा?"

बंदच आहे. फेब्रुवारीतली कोरडी दुपार आहे,
आणि मी जरा जास्त पुसलं.
प्लास्टिक भारावतं.
आवाज नाही, गाणं नाही, तरी काटा
कुठल्या तरी वरातीत उभा.
ह्याला मारायचं नाही, ठोकायचं नाही,
उघडून आत तर बघायचंच नाही.
वाका. चष्म्यावर सोडतो तशी वाफ सोडा. हाऽ.

इतकी वर्षं तुतारी फुंकलेला माणूस
गाल न फुगवता, जपून,
बाळाच्या टाळूवर सोडावा तसा श्वास सोडतो.
काटा जरा विचार करतो.
मग उतरू लागतो, आणि शून्यावर येऊन बसतो.

दीडशे रुपये. ते घासाघीस करत नाहीत.
ॲम्प्लिफायर माझ्या चादरीच्या तुकड्यात बांधून
दाराबाहेर जातात, खाली ठेवतात,
घाम पुसायला रुमाल काढतात,
त्याच्याकडे बघतात,
आणि जिन्याच्या कठड्यावरून हात लांब करून
आधी झटकतात.